भावोजींनी निवडलेला हेडफोन

खरे कान फक्त माझ्या भावोजींना मिळालेले आहेत आणि बाकी सगळ्या रत्नागिरीला चष्म्याच्या काड्या अडकवायला दोन खुंट्या दिलेल्या आहेत, असं भावोजींचं मत होतं. आणि पुष्कळ वर्षं ते माझंही मत होतं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी कानांची. तरुणपणी वाडीतल्या जयंतीला माईकची व्यवस्था त्यांच्याकडे असे. वक्ता बोलायला उभा राहिला की हे मंडपाच्या पार टोकाला जात आणि तिथून हाताने खुणा करत, जरा मागे सरका, मान वर घ्या. एकदा एका पुढाऱ्याला त्यांनी भाषणाच्या मध्येच चिठ्ठी पाठवली होती, "साहेब, आपला 'श' फुटतो आहे." पुढाऱ्याने उरलेलं भाषण एकही 'श' न उच्चारता संपवलं, असं ताई सांगायची. ताई थोडं तिखटमीठ लावायची, पण चिठ्ठी मी स्वतः पाहिली होती.

असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक चांगला हेडफोन आणि त्याच्या मागे लावायला एक अॅम्प्लिफायर घेणार, यात नवल नव्हतं. नवल हे की त्या खरेदीला चार वर्षं लागली. पावसच्या रस्त्याला त्यांचं चिऱ्याचं घर आहे, मुलगी लग्न होऊन मुंबईला, घरात दोघंच. मी शाळेत शिकवून सुटलो की तिकडे डोकवायचो. ताई चहा टाकायची आणि भावोजी वही उघडायचे. वहीत प्रत्येक हेडफोनला एक पान आणि प्रत्येक पानावर चार रकाने होते: खर्ज, मधला, वरचा आणि हवा. "हवा म्हणजे काय?" असं मी एकदा विचारलं. "गाणाऱ्याच्या भोवती हवा असते ना? ती ऐकू यायला पाहिजे," असं ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा त्या रकान्याचा विषय काढला नाही. कुणाकडून तरी मागून आणलेला हेडफोन माझ्या डोक्यावर चढवून ते तीच एक ठुमरी दोनदा ऐकवत आणि विचारत, "फरक कळला?" मला कधीच कळला नाही. पुढे पुढे मी त्यांचंच एक वाक्य पाठ केलं, "खालच्या अंगाला जरा मोकळं वाटतंय." ते इतके खूश झाले की माझ्या नावानिशी ते वहीत लिहून घेतलं.

इंटरनेटवर हेडफोनची परीक्षणं करणाऱ्या मंडळींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्यांना कंपनीकडून फुकट मिळतात. फुकट आलेल्या पापलेटाला वास येतोय असं कोण म्हणणार आहे?" तरीही ते सगळी परीक्षणं ऐकायचे, आणि हेडफोनचं काय ते सोडून त्या माणसांच्या खोलीत प्रतिध्वनी किती येतो यावरच बोलायचे. मग आपल्या हवेचा प्रश्न. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने खारा वारा; कानाच्या गाद्यांना बुरशी धरणार. त्यासाठी त्यांनी बाजारातल्या चपलांच्या दुकानांतून ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणल्या आणि ताईचा पोह्याच्या पापडांचा डबा रिकामा करून त्यात भरल्या. हेडफोन यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. पापड त्या पावसाळ्यात मऊ पडले. ताई मला म्हणाली, "माझे पापड सादळले, पण त्या डब्यातली हवा बघ कशी खडखडीत आहे." अॅम्प्लिफायरचं तेच. त्यांना मनातून जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा हवा होता. आमच्याकडची वीज कशी येते-जाते हे पाहायला त्यांनी तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ मीटर लावून आकडे टिपले आणि शेवटी खिन्न होऊन साध्या ट्रान्झिस्टरवर आले. "अॅम्प लागतोच कशाला, फोनला लावा की," असं मी म्हटलं तर म्हणाले, "चांगला हेडफोन जड असतो बाबा. फोनच्या ताकदीने तो हलत नाही. त्याला मागून ढकलायला कोणीतरी लागतं."

शेवटी मीच त्यांना मुंबईला एका दुकानात घेऊन गेलो. दोन हेडफोन उरले होते. एकाच्या पाठीला जाळी, उघडा. त्यात गाणं मोकळं वाटतं, पण बाहेरचं सगळं ऐकू येतं. दुसरा बंद, कानावर बसला की जग संपलं. भावोजींचा कल उघड्याकडे होता. हवेच्या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी होते. पाच तास झाले, माझं डोकं दुखायला लागलं, दुकानदाराने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "भावोजी, बंदच घ्या. निदान ताईचा मिक्सर तरी ऐकायला नको." ते हसले, दुकानदार हसला, आणि बंद हेडफोन खोक्यात गेला. चार वर्षांच्या वहीचा निकाल माझ्या एका कंटाळलेल्या विनोदाने लागला. ही गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितलेली नाही.

पुढचं सगळं एका श्रावणातल्या सकाळी झालं. मागीलदारी धुण्याच्या दगडापाशी चिऱ्यांवर शेवाळ असतं. ताई कपडे पिळून उठताना घसरली आणि खुब्यावर पडली. भावोजी आतल्या खोलीत होते; दार लावलेलं, आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद, डोक्यावर हेडफोन. दोघांच्या मध्ये फार तर वीस पावलं होती. ताईने हाका मारल्या. साडेअकराला नेहमीची मासेवाली आली, पुढून ओ मिळेना म्हणून वळसा घालून मागे गेली आणि तिने पाहिलं. ती धावत आत आली, भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे न उघडता एका कानावरची गादी जरा उचलली आणि म्हणाले, "आज मासे नकोत."

हे वाक्य मासेवालीने मला हॉस्पिटलच्या दारात सांगितलं. मला त्या क्षणी हसू आलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

शस्त्रक्रिया झाली. मी ताईजवळ बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "पहिला अर्धा तास हाका मारल्या रे. पाखरं उडाली झाडावरची. मग म्हटलं, चाललंय ह्यांचं तर चालू दे. उगाच घसा कशाला कोरडा करू?"

"म्हणजे तू नुसतीच पडून राहिलीस?"

"हो. तासभर. तुझ्या भावोजींशी लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, एवढा वेळ मी कधी नुसती पडले नव्हते." हे बोलताना तिचा आवाज नेहमीचाच होता. रागावली असती तर बरं झालं असतं.

भावोजींनी हेडफोन आपटला नाही की फेकला नाही. तसला नाटकीपणा त्यांच्यात नाही. महिन्याभराने त्यांनी तो विकायला काढला. कोल्हापूरहून एक तरुण आला. त्याला त्यांनी नीट बसवलं, अॅम्पची कळ कुठपर्यंत फिरवायची ते दाखवलं, गाद्या कशा पुसायच्या ते समजावलं. त्या पोराने डोळे मिटले आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भावोजी उभ्याने पाहत राहिले. जाताना त्याने विचारलं, "इतका सुंदर आहे, मग विकताय का?" भावोजी म्हणाले, "वयामुळे कानांना सोसत नाही आता." त्यांचे कान तेव्हाही ठणठणीत होते. मी बाजूलाच होतो. मला सांगता आलं असतं की निवड त्यांची नव्हती, माझी होती. मी त्या पोराचं खोकं गाडीपर्यंत उचलून दिलं.

ताई आता वॉकर घेऊन घरात हिंडते. चहा करते, भांडी लावते, पण हाक म्हणून मारत नाही. काही हवं असलं तर स्वतः उठून घेते. वेळ लागतो, लागू देते. तो मुद्दाम धरलेला अबोला नाही, दोघं बोलतात, हसतातसुद्धा. नुसती हाक मारायची तिची सवय गेली. भावोजींनी रेडिओ बंद केला, फोनवरचं गाणं बंद केलं. ते पडवीत बसून असतात.

परवा मी गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो होतो, आम्ही दोघंही गप्प होतो.

पडवीतून आवाज आला, "काय म्हणालीस गो?"

"काही नाही," ताई म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा, "हाक मारलीस का?"

"नाही हो."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा ती हातातली पाकळी सोलत राहिली. मग पडवीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भावोजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तिच्याकडे पाहिलं, ती बसली आहे एवढं पाहून घेतलं आणि परत गेले.