बिनकानाचे कप

शांते, मी गाव सोडलं त्या सकाळी वैनगंगेवर इतकं धुकं होतं की डोंग्यातून मागं पाहिलं तर तू आणि आई अर्ध्याच दिसत होत्या. पाय नव्हतेच. दोघी पाण्यावर तरंगत असल्यासारख्या. मग तुमचे चेहरेही गेले आणि आईच्या लुगड्याचा हिरवा रंग तेवढा थोडा वेळ राहिला. मला वाटलं, मी कुठं जातच नाही, गावच हळूहळू दूर वाहत चाललंय.

यांना भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि क्वार्टर मिळालं होतं. बाबा ब्रह्मपुरीच्या स्टँडपर्यंत आला. मी खिडकीशी बसले तेव्हा बाहेरून गज धरून म्हणाला, "बाई, जिथं तुह्यासाठी कप येगळा निघन, तिथं बसू नोको. उठून घरी ये."

तो कोणत्या कपाचं बोलला ते आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. ज्यांच्या शेतात तो धानाच्या रोवणीला जायचा त्यांच्या वळचणीला एक कप खोचलेला असायचा, कान तुटलेला. घरातल्या कपाचा कान तुटला की तो बाहेर आपल्या लोकांसाठी यायचा. पिणाऱ्यानं आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुवायचा, पुन्हा खोचायचा. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आपल्यातल्या कोणी त्या कपाला हात लावला नाही. चहाची वेळ झाली की बाबा शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा, पाठ करून. लहानपणी मला वाटायचं, तो जंगल पाहतोय.

कॉलनीत आल्यावर पहिले कित्येक महिने मी झोपेत चालल्यासारखी होते. भोंगा वाजला की माणसं निघायची, भोंगा वाजला की परत यायची. सगळी क्वार्टरं सारखी. पाणी भरून आले की माझं दार कोणतं ते मला दोरीवरच्या लुगड्यावरून ओळखावं लागे. बोलायचं कोणाशी? कोणी नाव विचारलं तरी मी हंडा उचलून आत जायची. दुपारी मी दारात बसून समोर पाहत राहायची.

समोरच्या मोठ्या क्वार्टरमध्ये फोरमनची बायको राहायची, बंगाली. सगळे तिला दीदी म्हणत. ती दुपारी व्हरांड्याच्या कठड्यावर धुतलेले कप वाळत घालायची. इवलेसे, कोणी निळे, कोणी मातकट, कोणी कोवळ्या धानासारखे हिरवे. उन्हात ते असे दिसायचे की कुठल्या तरी पाखरांनी रांगेत अंडी घातलीत. मी पाहते हे तिनं पाहिलं. एके दिवशी हातानं बोलावलं.

तिनं कप पुढं केला आणि माझा हात थांबला. कपाला कान नव्हता. मग पाहिलं, तिचाही तसाच. ती चटईवर माझ्यासमोर बसली होती आणि दोन्ही तळव्यांत कप धरून त्यात पाहत होती, जसं आपण विहिरीत पाहायचो. चहात दूध नाही, साखर नाही. आईनं त्याला धुवण म्हटलं असतं. पहिला घोट धानाच्या भिजलेल्या तणशीसारखा लागला. दुसऱ्या घोटाला साजाच्या झाडाच्या ओल्या सालीचा वास आला आणि मी डोळे मिटले, कारण डोळे उघडे ठेवले असते तर जंगल गेलं असतं. चहा संपत आला तसा कपाच्या तळाशी एक निळा मासा वर आला. मी दचकले. दीदी हसली.

दीदी ब्रह्मदेशात जन्मली होती. तिचा बाप सागवानाच्या कामावर होता. जपानच्या लढाईत ते पळाले तेव्हा तिच्या आईनं मांडीवर एक तपकिरी मातीची चिनी किटली धरून आणली होती. त्या किटलीला साबण लावायचा नाही, नुसतं गरम पाणी फिरवायचं, म्हणजे जुन्या चहाचा वास मातीत राहतो. दीदी म्हणायची, या किटलीत अजून रंगून आहे. त्या किटलीला सोबत म्हणून तिनं कलकत्त्याच्या चिनी गल्लीतून, दार्जिलिंगहून, कुठून कुठून कप जमवले. काचेचं एक कपाटच भरलं होतं.

मलाही तो नाद लागला. चंद्रपूरला हिवाळ्यात तिबेटी बाया स्वेटर विकायला बसायच्या. त्यातल्या एकीजवळ ढगांची नक्षी असलेला वाडगा होता, ती त्यात स्वतः चहा प्यायची. माझी नजर हलेना तेव्हा तिनं दुसऱ्या वर्षी माझ्यासाठी तसाच आणला. भद्रावतीच्या कुंभाराकडून मी लहान कप करून घेतला. तो म्हणाला, कान लावून देतो. मी नको म्हटलं. त्या एका शब्दाचा मला केवढा आनंद झाला होता. हे हसायचे, म्हणायचे, कप दुकान मांडशील इतके झाले, पिणारे दोनच. मी फळीवर ते मांडायची आणि संध्याकाळच्या उजेडात पाहत बसायची. त्यांच्याकडं पाहिलं की मला गावाची आठवण यायची, पण दुखायची नाही.

मग एका दुपारी न कळवता बाबा आला.

माझ्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं समोर बोट दाखवलं. त्या दिवशी दीदीकडं साहेबाची बायको आली होती. तिला बिनकानाचा कप भाजायचा, म्हणून दीदीनं तिला सोनेरी काठाची कपबशी दिली होती. ती खुर्चीत बसली होती, मी खाली चटईवर, हातात माझा निळ्या माशाचा कप. दीदी गरम पाणी आणायला आत गेली होती. बाबानं व्हरांड्यातून एवढंच पाहिलं. खुर्चीतल्या बाईच्या हातात कपबशी, आणि त्याची लेक खाली, हातात कान नसलेला कप.

"चाल बाई," तो म्हणाला. "घरी चाल. तुले सांगतलो होतो न."

त्याच्या खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं होतं, ते त्यानं उतरवलंही नाही. आवाज मोठा नव्हता. पण मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की धुऱ्यावर पाठ करून उभा राहायचा तेव्हा त्याचा चेहरा असाच असणार. तो मला घेऊन गेला असता. त्याहून वाईट म्हणजे, माझी लेक तिकडं वळचणीचा कप पिते, हे मनात घेऊन तो परत गेला असता, आणि मग कधी आला नसता.

मी कप चटईवर ठेवला, उठले, त्याचा हात धरला आणि काचेच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं. बाबा पाहत राहिला. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी.

"यायचे सगळ्याईचे कान कोनं तोडले?"

साहेबाची बायको हसली. दीदी किटली घेऊन दारात उभी होती, ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, इनके कान थे ही नहीं. दोनों हाथ से पकड़ते हैं." आणि आपला कप दाखवला.

बाबाला ते पुरलं नाही. कप सारखा असला म्हणून काय झालं? त्यानं चटईवरचा माझा कप उचलला, अर्धा उष्टा, आणि दीदीपुढं धरला. "ह्याच्यातला तुमी प्या."

मला वाटलं, जमीन फाटावी. दीदीनं त्याच्याकडं पाहिलं. मी तिला आपल्याकडच्या कपाचं कधी सांगितलं नव्हतं. तिला काय समजलं ते मला आजही माहीत नाही. तिनं किटली खाली ठेवली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि मासा दिसेपर्यंत प्याली.

बाबानं गाठोडं उतरवलं. मग बाहेर जाऊन चपला काढून आला.

साहेबाची बायको उठून गेली. आम्ही तिघं चटईवर बसलो. बाबानं आपल्या भेगाळ तळव्यांत हिरवा कप धरला, फुंकला, प्याला, आणि म्हणाला, चहा पाण्यासारखा आहे आणि कपही लेकराएवढा. दीदी म्हणाली, छोटा यासाठी की पाहुण्यानं लवकर उठू नये. तिनं पुन्हा भरला. बाबानं नाही म्हटलं नाही. पुन्हा भरला. मग तो बोलायला लागला. धानाचं, मोहाचं, रानडुकरांचं, तुझं, आईच्या गुडघ्याचं. दुसऱ्याच्या घरात बाबा एवढा बोलताना मी कधी ऐकला नव्हता. भोंगा वाजला, हे घरी येऊन मला शोधत तिथंच येऊन बसले, उजेड कमी झाला, किटलीच्या वाफेत बाबाचा चेहरा जायचा आणि यायचा.

तू विचारतेस, घरी कधी येशील. येईन. पण घर म्हटलं की हल्ली मला नदीपलीकडचं आपलं अंगण दिसत नाही, माझं क्वार्टरही दिसत नाही. त्या संध्याकाळची ती चटई दिसते. ब्रह्मपुरीकडं जायची शेवटची गाडी निघून गेलेली आहे, ते बाबालाही माहीत आहे, आणि तो रिकामा कप दीदीपुढं सरकवतो आहे.