सातनं गुणायचं राहिलं

बेंगळुरात मारतहळ्ळीला नातीच्या मुलीची पाटी पुसताना ओल्या बळपाचा, म्हणजे पाटीवरच्या पेन्सिलीचा, वास आला. चौथीत मला १४२८५७ला दोनपासून सातपर्यंत गुणायचं होतं. सहापर्यंत प्रत्येक उत्तरात तेच आकडे आले, नुसत्या जागा बदलून. माझंच डोकं फिरलं. पाटी बघून वडिलांनी, अण्णांनी, थोबाडीत दिली. "गुणतेस की आकडे इकडचे तिकडे ढकलतेस? पुरे झाली शाळा!" ती सुटली ती सुटलीच.

आज नातीला उत्तरं लिहून दाखवली.

"अज्जी, सगळी बरोबर आहेत! सातनं गुण की."

गुणलं, तर ओळीनं सहा नऊ आले. ते बघून अण्णांनी शाळा चालू ठेवली असती, की दुसऱ्या गालावर दिली असती, मला काही कळत नाही.