दुसरी चावी

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं, आणि ज्याला सायकलसुद्धा धड येत नाही असा मी एक स्पोर्ट्स कार विकायला निघालो होतो.

गाडी मुलाची. पिवळीधमक, दोनच दरवाजे, पोट जमिनीला घासेल इतकी बसकी. मी चौथी नापास, सगळी हयात बाजारात पोती वाहिलेला माथाडी. मुलाने ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पैसा केला आणि एका बिल्डरच्या पोराकडून ही जुनी गाडी घेतली. कोपरखैरणेच्या आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा बाया भांडी तशीच टाकून बघायला आल्या. "पैशाचा नाश," असं मी चारचौघांत म्हणालो. पण त्या दिवशी दुकानात काही काम नसताना दोनदा जाऊन आलो, कुणी विचारावं म्हणून.

गाडी घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मुलाला लकवा मारला. डावी बाजू. तोंड सुधारलं, हात अर्धा सुधारला, पाय तसाच राहिला. आणि त्या गाडीचा क्लच डाव्या पायाचा, तोही चांगलाच जड.

मुलगा वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. गाडी बरोबर त्याच्या खाली, ताडपत्री पांघरून. एक दिवस म्हणाला, "आबा, गाडी काढून टाका. तुमीच बघा काय ते. कोण आलं, काय बोललं, मला सांगू नका."

मी हो म्हणालो. पण मला ती विकायची नव्हती. गाडी गेली म्हणजे पाय गेला, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण म्हणाली होती, "सांगता येत नाही, वर्षसुद्धा लागेल." त्यातलं वर्ष मी धरून ठेवलं आणि सांगता येत नाही ते सोडून दिलं.

पण गाडी नुसती उभी राहून टिकत नाही. उंदरांनी एक वायर कुरतडली. टायर एका अंगाने बसायला लागले. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा ड्रायव्हर दर रविवारी येऊन ती थोडा वेळ चालू ठेवायचा. तेवढा वेळ खिडक्यांच्या काचा वाजायच्या.

आधी तुर्भ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दोन दरवाजांच्या गाडीत फॅमिली बसत नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत माझी जागा अडणार." आणि असा भाव सांगितला की मी चहा अर्धा ठेवून उठलो. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे व्यापारी मी जन्मभर बघितलेत, मला हा काय शिकवणार! त्याच्या शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, सुटी करून विका, इंजिन वेगळं, दरवाजे वेगळे, जास्त सुटतील. त्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी सुनेने फोटो काढून मोबाईलवर टाकले. भाव मी सांगितला. ती म्हणाली, "आबा, एवढ्यात तर ह्याहून चांगली येईल. तुम्हाला विकायचीच नाहीये का?"

"तू भाकरी थापतेस तेव्हा मी मधे बोलतो का?"

"रोज बोलता."

फोन यायचे, भाव ऐकून बंद व्हायचे. मला बरं वाटायचं. सून मुकाट्याने भाव थोडा थोडा उतरवत होती, ते मला मागाहून कळलं.

मग सीवूड्सचा एक तरुण आला. कॉम्प्युटरवर काम करणारा, अंगात पांढरा शर्ट. आला तो थेट गाडीखाली आडवा झाला. शर्ट काळा झाला तरी फिकीर नाही. मला पोरगा आवडला, काय करणार! भावही ठरला. हात मिळवताना त्याने विचारलं, "दुसरी चावी?"

"ती मिळायची नाही."

"म्हणजे हरवली?"

"घरात आहे. पण देणार नाही. आमच्याकडे सातारा भागात बैल विकला तरी दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं की जनावर परत गोठ्यात येतं."

तो हसला. "काका, बैलाचं ठीक आहे. उद्या ह्या चावीने कुणी गाडी पळवली तर?"

"म्हणजे मी चोर?"

"तसं नाही हो..."

"तसंच! चाळीस वर्षं लोकांचा माल वाहिला, एक दाणा खिशात घातला नाही. जा, नाही विकायची!"

तो गेला. गल्लीतली चार डोकी बाहेर आली. "गिऱ्हाईक घालवलंत," एवढंच म्हणून सून आत गेली.

मी वर गेलो. खिडकी उघडी होती, म्हणजे मुलाने सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "नालायक निघाला." त्याने खालच्या ताडपत्रीकडे बोट केलं.

"आबा, रविवारी गाडी चालू होते ना, तेव्हा माझा पाय क्लच शोधतो. हितं, खुर्चीत. मी दाबतो. दाबला असंच वाटतं. मग खाली बघतो, तर पाय तिथंच. मला वाटलं होतं, तुमी आठवड्यात काढाल."

"पाय येईल की रे."

"येऊ दे ना. मी काय नको म्हणतो? पण त्याची वाट मला गाडीशिवाय बघू द्या."

मुलासाठी म्हणून मी ती गाडी धरून बसलो होतो, आणि दर रविवारी त्याच्या उरावर उभी करत होतो.

खाली आलो. सुनेला म्हणालो, त्या पोराला फोन लाव. मग लाज गिळून त्याला म्हणालो, "दोन्ही चाव्या देतो. भाव ठरला तोच. एकच अट. गल्लीत गाडी चालू करायची नाही."

"का काका? काही बिघाड आहे?"

"गाडीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मित्राला घेऊन आला. कागदांवर मुलाच्या सह्या सुनेने वरून आणल्या. पैसे बँकेत आल्याचं तिने मोबाईलवर बघितलं. मी दोन्ही चाव्या त्या पोराच्या हातावर ठेवल्या. एकीला मुलाने बांधलेला लाल गोफ तसाच राहिला, तो काढून घ्यायचं सुचलंच नाही. पोरगा स्टिअरिंगला बसला. मित्र म्हणाला, "काका, तुम्ही बाजूला व्हा, मी ढकलतो." मी त्यालाच बाजूला सारला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, पोत्याला लावायचो तसा गाडीच्या मागे खांदा लावला, आणि मोठा रस्ता लागेपर्यंत वर खिडकीकडे न बघता ती ढकलत नेली.