चाळीस पावलांची नस

आमच्या घराच्या पायरीपासून खालच्या माडबागेतल्या पंपापर्यंत दोनशे बारा पावलं होतात. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे एकशे एकोणसाठ मीटर. जेवण झालं की बायको पायरीवर उभी राहून कुकारो घालायची. तोंडाशी हात धरून एकच लांब ‘कूऽऽ’, शब्द नाहीत. मी बागेतून तसाच ओ द्यायचो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. खिशात मोबाइल असूनही जेवायला तिने मला कधी फोन केला नाही.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली. घरी आली ती कुजबुजतच. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राची डावी नस तुटलेली नाही, दुखावली आहे. काही महिन्यांत आवाज येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं सांगता येत नाही. काही म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही.

मग ती ताटावर पळी वाजवून मला बोलवू लागली. पंपापर्यंत ऐकू यायचं. जेवायला मी वेळेवर जायचो, पण पळीला ओ देता येत नसे.

मुलगी कणकवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. एका रविवारी ती घरी आली तेव्हा आई बांगडे साफ करत होती. त्यातला एक उचलून तिने मला दाखवला.

“बाबा, ह्येका मान खंय आसा?”

“माशाक खंयची मान गो?”

“तेच तर!”

मग तिने समजावलं. माशाचं हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे असतं. मेंदूकडून येणारी नस तिथल्या रक्तवाहिनीच्या मागून कल्ल्याकडे जाते, वाट सरळ. पुढे माशांच्या वंशात चार पायांचे प्राणी झाले, त्यांना मान आली, हृदय छातीत गेलं. रक्तवाहिनीच्या मागे अडकलेली नसही खाली ओढली गेली. म्हणून आजही ती, म्हणजे बायकोची दुखावलेली स्वरयंत्राची नस, गळ्याजवळून जाते पण थांबत नाही. छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर गळ्याशी येते.

“आनि सगळ्यात मोठो वळसो लांब मानेच्या डायनोसॉरांचो,” मुलगी म्हणाली.

त्यांच्यातली सगळ्यात लांब मान पंधरा मीटरच्या आसपास असावी. आपल्या मानेत मणके सात, जिराफाच्याही सातच; यांच्यात काहींना पंधराहून जास्त. मणके आतून पोकळ, हवेने भरलेले, नाहीतर एवढी मान पेललीच नसती. डोकं लहान. पाला चावत बसायचा नाही, ओरबाडून गिळायचा. पुढचं काम पोटाचं. एका जागी उभं राहून मान फिरवायची, आपण घळ, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, घेऊन आंबे काढतो तशी, म्हणजे एवढं धूड हलवावं लागत नाही. मला हा हिशेबी प्राणी आवडला.

“ती नस कोणी बघल्यानी?” मी विचारलं.

“कोणीच नाय. नस दगडात उरणा नाय. पण पक्षी आनि मगरी त्यांच्या नात्यातले. दोघांतय असोच वळसो आसा, म्हणान अंदाज.”

असा अंदाज मला चालतो. जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे माझी चाळीस पावलं. मी पायरीपासून चालून बघितलं, विहिरीशी आलो.

“आनि माझी केवढी?” बायकोने कुजबुजत विचारलं.

मुलीने आईच्या हनुवटीखालून छातीपर्यंत वीत टेकवली आणि परत वर आणली.

“तेंका तीस मीटर, माका दोन वीत,” बायको म्हणाली, “आनि माझीच रुसान बसली!”

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पायरीवर उभी राहून कुकारो घालू लागली. आमचा नियम ठरला: मला ऐकू आलं तरच मी ओ द्यायची. पहिल्यांदा ऐकू आलं ते तुळशीपाशी, नऊ पावलांवर. पुढे फणसापाशी, तेविसावर. एकतिसावर आवाज अडला तो अडलाच. तीन आठवडे एक पाऊल पुढे नाही. मग तिने एक-दोनदा पळी हातात घेतली, तेव्हा मी घाबरलो.

मग एके दिवशी मी मुद्दाम विहिरीशी जाऊन उभा राहिलो. एक वाजला. काही ऐकू आलं नाही. तरी मी मोठ्याने ओ दिली.

बायको पळी घेऊन विहिरीपर्यंत चालत आली.

“अवो, कोणाक ओ दिलात? मी अजून कुकारो घालूकच नाय! भात शिजता हा.”

चोवीस वर्षांत मी तिला साडेनऊला दहासुद्धा म्हटलेलं नाही. मी विहिरीत बघत राहिलो. ती हसायला लागली. आधी नुसताच वारा, मग मध्येच त्यात आवाज होता. तो दोघांनीही ऐकला.

“हयंच रवा,” ती म्हणाली. “घराकडे पाठ करा. आनि खोटा बोलू नका.”

मी पाठ करून उभा राहिलो. भात शिजायला लागतो तेवढा वेळ गेला. मग तो आला, बारीक, मध्ये चिरकलेला, तुटून पुन्हा जुळलेला. चाळीस पावलं.

मी ओ दिली.