खडूचा तिसरा गोल

ओल आलेल्या भिंतीकडे दारातूनच बघून दोन ठेकेदार म्हणाले होते, "सगळं फोडावं लागेल." मग सदूभाऊ गवंडी आले. त्यांनी भिंतीला कान लावला, बोटाने टकटक करत गेले आणि आवाज पोकळ आला तिथंच खडूने गोल काढले. दोनच. तिसरा गोल मात्र त्यांनी मला धडधाकट वाटणाऱ्या कोपऱ्यात काढला.

"हा गिलावा आधीच्या मालकांच्या वेळी मीच केलेला, ताई. घाईत केला. हाही नीट करून देतो."

माणसं अशी वाजवून बघता येत नाहीत, हीच तर खरी अडचण. सदूभाऊंनी मात्र स्वतःलाच वाजवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती घराची किल्ली देऊन मी ऑफिसला गेले. दिवसभरात एकदाही फोन करावासा वाटला नाही.