धसईच्या गाडीतला दुखवटा

"सांगून टाका." तिकिटाचं मशीन एका हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट ती प्रवाशाच्या पिशवीकडे करायची आणि एवढंच म्हणायची. पिशवी हलत असायची आणि पिशवीचा मालक खिडकीबाहेर बघत असायचा.

"भाजी हाय."

"भाजी पाय हलवत नाय."

मग पिशवीतून कोंबडीचं डोकं वर यायचं आणि सगळी गाडी हसायची. ती रागवायची नाही. कोंबडी नेण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, लपवण्याबद्दल होतं.

मुरबाडहून सकाळी धसईला जाणाऱ्या एसटीत ती कंडक्टर होती. मी मुरबाडला राहते आणि धसईजवळच्या एका वाडीतल्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिची रोजची प्रवासी. तिचं नाव मला माहीत आहे, पण गाडीत ते कुणी घेत नसे. ती सगळ्यांची कंडक्टरताई होती, इथेही तसंच राहू दे.

शिक्षकांना एक वाईट खोड असते. समोरच्याचा चेहरा बघून आपल्याला सगळं कळलं असं त्यांना वाटतं. मला तर जास्तच वाटतं. मुरबाड स्टँडवर गाडी सुटायच्या आधी ती छोट्या आरशात बघून हनुवटीवरचे केस चिमट्याने उपटायची, आणि मी पेपर वाचत असल्याचं दाखवून तिच्याकडे बघायची. एकदा आरसा खाली न करताच ती म्हणाली, "पीसीओडी हाय, बाई. दाढी येते, पाळी येत नाय. सगळा उलटा कारभार." मी पेपर उलटा धरला नव्हता एवढंच माझं नशीब.

इतकी मोकळी बाई. पण एक गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्यात दोनदा ती आठ-आठ दिवस गाडीवर आली नाही. दोन्ही वेळा परत आल्यावर म्हणाली, "ताप व्हता." मी विश्वास ठेवला. म्हणजे बघा, चेहरे ओळखण्यात माझी किती पोच होती ती.

खरं काय ते कळलं एका सोमवारी. तिच्या सासरकडची, शहापूरची एक बाई आमच्या गाडीत बसली होती. तिने तिकीट घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन पाडलीस गो गाडीच्या धक्क्यांनी. आता तरी नोकरी सोड." कंडक्टरताईने काळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून एक कागद काढला. लॅमिनेशन केलेला. तो माझ्याकडे देऊन ती म्हणाली, "बाई, तुमचा आवाज मोठा हाय. वाचा."

मी उभी राहिले आणि वर्गात वाचते तसा वाचला. गर्भपात प्रवासामुळे किंवा नोकरीमुळे झालेले नाहीत, असं ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मराठीत लिहून दिलं होतं. खाली सही, शिक्का.

"घरच्यांना पटेना, म्हणून लिवूनच आणलं," ती म्हणाली आणि पुढच्या प्रवाशाकडे वळली. "बोला, कुठं?" मला मात्र त्या दिवशी त्या कागदाचा हेवा वाटला. का, ते पुढे येईलच.

नंतर हळूहळू तिने मला बाकीचं सांगितलं. पाळी तीन-चार महिने न येणं नेहमीचंच, त्यामुळे पहिल्या वेळी दिवस गेल्याचं उशिरा कळलं आणि पंधरा दिवसांत संपलंसुद्धा. डॉक्टरीणबाई सांगायच्या, वजन कमी करा, साखर सोडा, चाला, गोळ्या चुकवू नका. ती सगळं करायची. धसईला गाडी वीस मिनिटं थांबायची तेवढ्यात ती स्टँडला फेऱ्या मारायची आणि ड्रायव्हर चहाचा कप हातात घेऊन मोठ्याने फेऱ्या मोजायचा. तो मुद्दाम एक कमी मोजतो, अशी तिची तक्रार होती.

आणि तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. हे मला वेगळं कळलं नाही, गाडीला कळलं तसंच कळलं. सगळी तिकिटं देऊन झाल्यावर ती पुढच्या दांड्याला धरून उभी राहिली.

"ऐका जरा. मला दिवस गेलेत. सहावा आठवडा चालू हाय. टिकंल का नाय, डॉक्टरपण सांगू शकत नाय. पण हाय."

आमच्या गाडीत एक भाजीवाली मावशी असते, धसईच्या बाजारात बसणारी. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो बाय, तीन महिनं तरी थांबायचं व्हतं. आधी बोलू नये, दीठ लागते."

"दोनदा थांबले, मावशे. सासूबाई पण हेच बोलल्या. दोनदा त्या तीन महिन्यांतच गेलं. मग रडायला पण चोरी. आलेलंच कुणाला म्हाईत नाय, तर गेलेलं कुणाला सांगू? ताप व्हता सांगून कामावर आले."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे पिशवी नव्हती एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून गाडीची रीत बदलली. ती पहिल्या सीटवर बसून तिकिटं फाडायची, पैसे आणि तिकिटं हातोहात मागेपुढे जायची. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवायचा. कागदाचं काय ते त्यालाही माहीत होतं, पण त्याच्या पायाला पटत नव्हतं. तीन आठवड्यांत मला चार वेळा शाळेत उशीर झाला. हेडमास्तरांना मी कारण सांगितलं तर ते म्हणाले, "बरं, पण हजेरीपुस्तकात काय लिहू?"

एके दिवशी दुसराच कंडक्टर चढला. कुणी विचारायच्या आत ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "गेलं. परवा."

उतरताना मावशीने माझा हात धरला. "रविवारी भाकऱ्या करायच्या. माझ्या दहा, तुमच्या दहा. सापगावला तिच्या घरी जायचं." आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी घेऊन जातो. पण हे मोठ्या माणसाचं, फार तर जन्मलेल्या लेकराचं. दोन-अडीच महिन्यांच्या जिवासाठी कुणी भाकरी नेलेली मी तरी ऐकली नव्हती. मावशीनेही नसावी.

आम्ही तिघं गेलो, ड्रायव्हर, मावशी आणि मी. तिच्या सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. वाईट नव्हत्या त्या, गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, "याचा कुठं दुखवटा असतो का? लोक काय म्हणतील?"

मावशीने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "तुमच्या घरात नसंल, ताई. आमच्या गाडीत हाय. सगळ्यांना म्हाईत व्हतं ते."

सासूबाई बाजूला झाल्या. त्यांनीच आतून ताटं आणली.

ती भिंतीला टेकून बसली होती. मावशीने भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तो खाल्ला आणि मग ती रडली, मोठ्याने, दार न लावता. तिचा नवरा अंगणात उभा होता. आसनगावच्या कारखान्यात कामाला जाणारा, मुखदुर्बळ माणूस. मावशीने त्यालाही आत बोलावून ताटावर बसवलं. तीनदा त्याचंही काहीतरी गेलं होतं आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याही बसल्या.

मी आयुष्यात अनेक शूर माणसांचे धडे शिकवले आहेत. त्या बाईइतकं धाडस मी त्यात वाचलं नाही. फसू शकतं हे माहीत असूनसुद्धा चारचौघांत "हाय" म्हणायला छाती लागते.

तपासण्या झाल्या, औषधं झाली, फेऱ्या झाल्या. वर्षभराने तिने पुन्हा दांड्याला धरून सांगितलं. या वेळी डेपोतही पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि तिला घराजवळ, शहापूरला बसून करायचं काम मिळालं. आज तिला चौदावा आठवडा आहे. ड्रायव्हर दर सोमवारी फोन करून विचारतो आणि गाडीला सांगतो. पुढचं कुणालाच माहीत नाही. आमच्या गाडीवर आता एक तरुण कंडक्टर आहे, चांगला आहे, पिशव्यांकडे बघत नाही.

आमच्या गाडीवरच्या तिच्या शेवटच्या दिवशी धसईला सगळे उतरले, मी बसून राहिले. शाळेची वेळ झाली होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"माझंही एक गेलं होतं," मी म्हणाले. "अकरा वर्षं झाली. तिसरा महिना होता. ह्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले होते. माझ्यामुळे गेलं नाही असं मला कुणी लिहून दिलं नाही."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. सांत्वन केलं नाही. "नाव ठरवलं व्हतं?" तिने विचारलं.

हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण? मी नाव सांगितलं. माझा आवाज मोठा आहे, पण ते तिला दोनदा सांगावं लागलं. तिने ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं.

"आता कितवीत असती, बाई?"

"पाचवीत," मी म्हणाले. मला आठवावं लागलं नाही.