जप्तीतली बस

वरवंडच्या आवारातली ती बस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ते आवार एका ट्रॅव्हल कंपनीचं; तिचं दिवाळं निघालं होतं. बँकेचं कर्ज बुडवणारा मालक पुण्यात, बंगल्यात सुखरूप. ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक मात्र एका सकाळीत बेकार. बँकेने गाड्या जप्त करून फाटकाला सील ठोकलं. मालकाला कुणी साधं ठाण्यात बोलावलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग खबऱ्याचा फोन आला. "साहेब, जप्तीतली बस पहाटं चौफुल्यावरनं शिरूरकडं जाती."

"भूत चालवतंय का रे?"

"भूत हॉर्न वाजवत न्हाई, साहेब."

पंचांना घेऊन गेलो. सील शाबूत, गाड्या सगळ्या जागेवर. हवालदार म्हणाला, "खबऱ्याची रातची उतरली न्हवती वाटतं." परत फिरणार, तेवढ्यात काचांकडे लक्ष गेलं. प्रत्येक गाडीचं लिंबू-मिरची वाळून काळं पडलेलं; एकाच बसचं हिरवंगार. आदल्या दिवशी शनिवार होता. मागे जाऊन पाहिलं, तर कुंपणाची तार सोडून पुन्हा बांधलेली.

त्या बसच्या जुन्या ड्रायव्हरला चौकशीला आणलं. पन्नाशी उलटलेला माणूस. कितीही विचारा, "मला काय ठावं न्हाई." शेवटी म्हणालो, "मामा, चोरून नेलेल्या गाडीलाही लिंबू बांधता?"

तो उसळला. "बाया बसत्यात तिच्यात, साहेब! शनिवार कसा चुकवू?"

झालं. कबुली मिळाली.

आसपासच्या गावांतल्या बायका शिरूरजवळच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांना नेणारी हीच बस. ती बंद पडली आणि ठेकेदाराने दम भरला, खाडा झाला तर घरीच बसा. म्हणून हा बेकार माणूस बिनपगारी त्यांना पोचवत होता. डिझेल बायका वर्गणी काढून भरत.

गुन्हा नोंदवला. बस पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी बायका ठाण्यासमोर उभ्या, हातात जेवणाचे डबे. एक म्हणाली, "मामांना सोडा, साहेब. न्हाईतर तुमची जीप तरी द्या शिरूरपातूर."

कुणी हसलं नाही.

आठवड्याभरात कारखान्यात त्यांच्या जागी दुसऱ्या बायका लागल्या. ड्रायव्हर जामिनावर सुटला; पण नावावर गुन्हा असलेल्याच्या हाती स्टीअरिंग कोण देणार?

वरिष्ठांनी माझ्या तपासाची तारीफ केली. तेव्हा मला कळलं, तपास चोख असूनही आरोपी चुकीचा असू शकतो. कंपनी बुडवणारा माझ्या हद्दीत कधी आलाच नाही. आणि रोजगार वाचवणाऱ्याला मी स्वतः जीपमध्ये बसवून कोर्टात नेलं.